अंकिता रैनाचं करिअर यशस्वी म्हणायचं की नाही? (मुलीसाठी विचारतेय)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण टेनिस जवळून बघणारे आहेत म्हणून विचारते.

आम्ही सांगलीचे. मुलगी चौदा वर्षांची आहे, आठव्या वर्षापासून खेळतेय. रोज शाळेच्या आधी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास सराव असतो. सुट्टी लागली की स्पर्धांसाठी कोल्हापूर, पुणे, सोलापूर असं फिरणं चालू असतं. अंडर-14 ला राज्यात बरं खेळली, आता अंडर-16 ची सुरुवात आहे.

तिच्या अभ्यासाच्या टेबलावरच्या भिंतीवर भारताची टेनिसपटू अंकिता रैना हिचा पेपरातला फोटो चिकटवलेला होता. गणपतीत घरी सगळे जमले होते. माझ्या मोठ्या दिरांनी तो बघितला आणि जेवताना विषय काढला. म्हणाले, "ही इतकी वर्षं खेळते आहे. एकेरीत विम्बल्डनच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, एकदा तरी दिसली का? तिचं हे असं, तर आपल्या पोरीचं काय होणार? दहावी जवळ आलीये, आता बास करा." मनाने वाईट नाहीत ते. मुलीच्या पहिल्या रॅकेटचे पैसे त्यांनीच दिले होते.

मुलगी तेव्हा पंगतीत तूप वाढत होती. काही बोलली नाही. सकाळी बघते तर भिंतीवर नुसते चिकटपट्टीचे चार डाग. फोटो कपाटात, वह्यांच्या खाली.

मला दिरांशी वाद घालायचा नाही. पण मुलीला खरं काय ते सांगायचंय, आणि मलाच ते नीट माहीत नाही. अंकिताचं करिअर यशस्वी म्हणायचं का? नुसता धीर देऊ नका, खरं सांगा.

---

डेक्कनचा_बाक

ताई, आधी नोंदी सांगतो म्हणजे बोलायला बरं पडेल.

एकेरीत सर्वोत्तम जागतिक क्रमांक 160, मार्च 2020 मध्ये. 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीत कांस्य. त्याआधी एकेरीत आशियाई पदक मिळवलेली भारतीय मुलगी म्हणजे फक्त सानिया. 2021 मध्ये दुहेरीत डब्ल्यूटीएचं (महिलांच्या जागतिक व्यावसायिक दौऱ्याचं) विजेतेपद, दुहेरीत पहिल्या शंभरात, टोकियो ऑलिंपिक, अर्जुन पुरस्कार. 2018 मध्ये ती एकेरीत पहिल्या दोनशेत गेली तेव्हा तिच्याआधी तिथे पोचलेल्या भारतीय मुली चारच होत्या: निरुपमा वैद्यनाथन, सानिया मिर्झा, शिखा उबेरॉय आणि सुनीता राव.

तुमच्या दिरांचं एक म्हणणं खरं आहे, ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मेन ड्रॉ तिला मिळालेला नाही. पण ते सोडून बाकी पानभर आहे, ते त्यांना ठाऊक नसावं.

---

गटिंगवाली

ताई, आधी तो फोटो परत भिंतीवर लावा. मग बाकीचं वाचा.

मी पुण्यात रॅकेटचं गटिंग करते, म्हणजे रॅकेटला तारा ओढून देते, बावीस वर्षं झाली. त्याआधी स्वतः खेळायचे. एकोणिसाव्या वर्षी खांद्याने दगा दिला आणि थांबावं लागलं. कोर्ट सोडवेना, म्हणून मशीनवर बसायला शिकले. पुण्यात, सोलापुरात मुलींच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा होतात तेव्हा कोर्टाशेजारच्या एखाद्या खोलीत माझं मशीन लागतं आणि आठवडाभर तिथेच मुक्काम असतो. अंकिताची माझी ओळख नाही. मी तिला बाकावर बसूनच पाहिलंय. पण ती ज्या जगात खेळते ते जग रोज माझ्या टेबलावर येतं, म्हणून लिहिते.

मेन ड्रॉचं आधी. स्लॅमच्या एकेरीत 128 मुली. त्यात 104 थेट क्रमवारीवर. आठ वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजक देतात त्या जागा, ती बहुतेक यजमान देश आपल्याच मुलींना देतो किंवा ज्यांच्या देशाशी देवाणघेवाण आहे त्यांना. आपल्या देशात स्लॅम नाही, त्यामुळे हे दार आपल्या मुलींना सहसा उघडत नाही. उरल्या सोळा जागा. त्यासाठी आणखी 128 जणी पात्रता फेरीत उतरतात आणि आठवड्यात लागोपाठ तीन सामने जिंकणाऱ्या सोळा जणी आत जातात. समोर कोण असतं? कुणी पूर्वी पहिल्या पन्नासात असलेली आणि दुखापतीतून परत आलेली, कुणी सतरा वर्षांची, जी दोन वर्षांनी टीव्हीवर दिसणार असते. अंकिता वर्षानुवर्षं त्या 128 मध्ये होती. ही रांग आपल्याकडे कुणाला दिसत नाही, कारण ती टीव्हीवर दाखवत नाहीत.

आता 160 हा आकडा कधी आला ते बघा. 2020 च्या जानेवारी-फेब्रुवारीत ती आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टेनिस खेळत होती. मार्चच्या सुरुवातीला 160. त्याच आठवड्यात दुबईत फेड कप, म्हणजे महिलांची देशादेशांमधली सांघिक स्पर्धा. एकेरीत पहिल्या क्रमांकाची जबाबदारी तिच्यावर आणि दुहेरीत सानियाबरोबर, जी बाळंतपणानंतर नुकतीच परतली होती. शेवटच्या दिवशी इंडोनेशियाविरुद्ध निर्णायक दुहेरी दोघींनी जिंकली आणि भारत पहिल्यांदाच वरच्या गटासाठीच्या प्लेऑफमध्ये गेला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कोविडमुळे सगळ्या जगातलं टेनिस बंद. ऑगस्टपर्यंत एक स्पर्धा नाही. सत्तावीस वर्षांची मुलगी, हात बसलेला, पाय चालतायत, क्रमांक वर चढतोय, आणि कोर्टाला कुलूप. मी त्या महिन्यांत दुकान बंद करून घरी बसले होते आणि खरं सांगते, मला स्वतःच्या धंद्याइतकंच तिचं वाईट वाटायचं. टेनिसपटूच्या आयुष्यात असे महिने किती येतात हे मी जवळून पाहिलंय. फार थोडे येतात.

पुढचं बघा. 2021 ची ऑस्ट्रेलियन ओपन. पात्रता फेरी कोविडमुळे मेलबर्नऐवजी दुबईत झाली. अंकिता तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीत पोचली. एक सामना जिंकला की मेन ड्रॉ. ओल्गा डॅनिलोविचकडून तीन सेटमध्ये हरली. मी त्या रात्री स्कोअर बघत जागी होते. तिसरा सेट हातातून जात गेला आणि माझा चहा तसाच गार झाला.

पण हरलेल्यांपैकी सहा जणींना राखीव म्हणून मेलबर्नला नेलं, त्यात ती होती. चौदा दिवस विलगीकरण. एखादी माघार घेते का याची वाट बघायची. एकेरीत जागा झाली नाही. दुहेरीत मात्र मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर नाव लागलं आणि स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये ती उतरली. पहिल्या फेरीत हरल्या. तेवढ्यावर बॅग भरून घरी यायला हरकत नव्हती. तिथेच मेलबर्नमध्ये दुसऱ्या आठवड्यात फिलिप आयलंड ट्रॉफी होती, डब्ल्यूटीए दौऱ्यावरची 250 दर्जाची स्पर्धा. रशियाच्या कमिला राखिमोवाबरोबर ती दुहेरी खेळली आणि दोघी जिंकल्या. अंतिम सामन्यात ब्लिन्कोवा आणि पोटापोवाविरुद्ध पहिला सेट गेला होता, तिथून फिरवला. डब्ल्यूटीए दौऱ्यावरचं तिचं पहिलं विजेतेपद. एकेरीचं दार तोंडावर बंद झालं त्याच गावात, त्याच महिन्यात.

टोकियोचं मी फार लिहीत नाही, अजून त्रास होतो. सानिया आणि ती, युक्रेनच्या किचेनॉक बहिणींविरुद्ध पहिला सेट 6-0. दुसऱ्यात 5-3, सामन्यासाठी सर्व्हिस. तिथून हरल्या. सुपर टायब्रेकमध्ये, म्हणजे तिसऱ्या सेटऐवजी खेळतात त्या दहा गुणांच्या डावात, खूप मागे पडून 8-8 पर्यंत आल्या होत्या, शेवट 10-8.

आता माझ्या टेबलावरचं सांगते, कारण तुम्ही खरं सांगा म्हणालात.

लहान आयटीएफ स्पर्धेत, एकूण बक्षीस 15 हजार डॉलरवाल्या, पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास येतात. त्यात हॉटेल नाही, विमान नाही, कोच नाही. स्लॅमच्या पात्रता फेरीत पहिलाच सामना हरलं तरी जेवढे पैसे मिळतात तेवढे ती अख्खी छोटी स्पर्धा जिंकूनही मिळत नाहीत. म्हणून पहिल्या अडीचशेत जाणं आणि तिथे टिकणं यावर या मुलींचं घर चालतं. अंकिता तिथे वर्षानुवर्षं टिकली. याला मी यश म्हणते, आणि हे म्हणताना मला शब्द शोधावा लागत नाही.

मागे एका स्पर्धेत एक परदेशी मुलगी आली. असेल वीस-एकवीसची. तीन रॅकेटी माझ्यापुढे ठेवल्या. एकीची तार तुटलेली, दुसरीची मेलेली, अंगठ्याने ढकलली तर जागच्या जागी सरकत होती आणि परत येत नव्हती. तिसरी ठीक. मी विचारलं, दोन्ही करू का? तिने गटिंगचा दर विचारला. मग पाकीट उघडून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, एकच करा. आणि त्यातही उभ्या तारा माझ्या रिळातल्या घाला, आडव्या तुमच्याकडे स्वस्तात असतील त्या. तिच्या रिळावर जेमतेम सहा-सात मीटर उरली होती. उभ्यांना तेवढी पुरली, हातात टोक राहिलं ते बोटभर. दुसऱ्या दिवशी ती त्याच रॅकेटवर पहिली फेरी जिंकली आणि मला दाखवायला आली. कपाळावर मीठ वाळलेलं, आणि हसत होती. तिचा क्रमांक आठशेच्या पुढे होता.

अशा शेकडो मुली दरवर्षी कझाकस्तानपासून ट्युनिशियापर्यंत फिरत असतात. त्यांच्यातून वर चढत अंकिता 160 वर गेली. आणि ती कुठल्या फ्लोरिडाच्या अकादमीतून नाही आली. 2007 मध्ये अहमदाबादहून पुण्याला आली, पीवायसी जिमखान्यावर हेमंत बेंद्रे सरांकडे. तेव्हा तिचं वय किती होतं? चौदा. तुमच्या लेकीएवढंच.

दिरांना सांगायला एक सामना देते. फेब्रुवारी 2018, दिल्ली, फेड कप. समोर कझाकस्तानची युलिया पुतिन्तसेवा, पहिल्या शंभरातली. अंकिता तेव्हा दोनशेच्या बाहेर. पहिला सेट 6-3 घेतला, दुसरा 1-6 गेला. दुसरी कुणी असती तर तिथे मान खाली गेली असती. तिसरा 6-4. जमलं तर लेकीला बरोबर बसवून बघा. तिचे पाय बघायला सांगा, चेंडू नको. प्रत्येक फटक्याआधी छोटी छोटी पावलं टाकते ती, दमलेली असली तरी.

---

ह्यूस्टनकर

गटिंगवालीताई, सगळं वाचून गप्प बसलो होतो. थोडी भर घालतो.

अंकिताचा रस्ता एकच नाही हेही मुलीला सांगा. ऋतुजा भोसले आपल्याच महाराष्ट्राची. ती ज्युनियर संपल्यावर लगेच पूर्णवेळ दौऱ्यावर न जाता इथे टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकायला आली, विद्यापीठाकडून खेळली, आणि मग दौऱ्यावर उतरली. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. अंतिम सामन्यात तैवानच्या जोडीविरुद्ध पहिला सेट 2-6 गमावला होता. आम्ही इथे मध्यरात्री पाच-सहा घरची माणसं एका हॉलमध्ये बसून पाहिला. सुपर टायब्रेक 10-4 झाला तेव्हा शेजारी जागे होतील याचं भान कुणाला नव्हतं.

विद्यापीठात शिष्यवृत्ती, कोच, फिजिओ, प्रवास हे सगळं असतं, आणि हातात पदवी येते. पण दोन गोष्टी बघा. दहावी-बारावीचे मार्क मोजले जातात, म्हणजे "खेळ की अभ्यास" हा घरचा वाद तिथे चालत नाही, दोन्ही लागतं. आणि आधी बक्षिसाची रक्कम किती स्वीकारली याचे नियम असतात, ते बदलतही असतात. पहिला चेक घेण्याआधी वाचा.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी गटिंगवालीताईंचं उत्तर मोठ्याने वाचलं. दीर फोनवर होते, त्यांनाही ऐकवलं. "एकच करा" पर्यंत आले तेव्हा माझाच आवाज बसला. दीर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो दिल्लीचा सामना कुठे बघायला मिळेल ते विचार.

आता व्यवहाराचं विचारते. एक, चौदाव्या वर्षी तिला आयटीएफच्या मोठ्या मुलींच्या स्पर्धा खेळता येतात का, आणि खेळवाव्यात का? दोन, आम्ही दोघंही नोकरी करतो, पण वर्षाला परदेशी दौरे झेपणारे नाहीत. एका कंपनीने मागच्या वर्षी प्रायोजकत्वाचं तोंडी कबूल केलं होतं. मुलीचा घोटा मुरगळला, दोन महिने ती बाहेर होती, आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. त्या भरवशावर आम्ही एका शिबिराचे पैसे भरून बसलो होतो.

आणि तीन, हे लेकीनेच विचारायला सांगितलंय: पुढच्या महिन्यात सोलापूरला मॅच आहे. मॅच चालू असताना तार तुटली तर काय करायचं? तिच्याकडे दोनच रॅकेटी आहेत.

---

गटिंगवाली

ताई, दिरांना माझा नमस्कार सांगा.

वयाचं. चौदा पूर्ण झाल्यावर मुलींना व्यावसायिक स्पर्धा खेळता येतात, पण वर्षाला मोजक्याच. दरवर्षी थोड्या वाढतात आणि अठराव्या वर्षी बंधन उठतं. अमेरिकेची जेनिफर कॅप्रिअती चौदा पूर्ण व्हायच्या आतच व्यावसायिक झाली आणि तिची फार ओढाताण झाली, त्यानंतर 1990 च्या दशकात हे नियम कडक केले. मला ते योग्य वाटतात. चौदाव्या वर्षी मी आयटीएफ ज्युनियर आणि एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) स्पर्धांवरच भर दिला असता. जवळपास मोठ्या मुलींची स्पर्धा असेल तर खेळायला नाही, बघायला न्या. मुंबईला सीसीआय क्लबवर डब्ल्यूटीए 125 दर्जाची स्पर्धा होते तेव्हा जरूर न्या. 2017 मध्ये तिथे एकोणीस वर्षांची सबालेन्का, जी पुढे जगात पहिल्या क्रमांकावर गेली, जिंकली होती. आणि 2025 मध्ये आपली माया राजेश्वरन पंधराव्या वर्षी उपांत्य फेरीत गेली. लेकीला मायाचे सामने दाखवा, वय जवळचं आहे.

पैशाचं. तोंडी शब्दावर एक रुपया खर्च करू नका. हे मी चिडून नाही, काळजीने लिहितेय. कुणी देतो म्हणाला तर कागदावर घ्या, आणि त्यात दुखापतीचं कलम आहे का ते बघा, कारण दुखापत होणारच. बाहेरचे दौरे आत्ता नकोतच. महाराष्ट्रात इतक्या स्पर्धा होतात की दोन वर्षं एसटी आणि रेल्वेवर निघतील. क्रमवारी चांगली झाली की राज्य संघटनेकडे आणि सरकारी योजनांकडे अर्ज करता येतो, तेव्हा निकालांची फाइल तयार हवी. आत्तापासून ठेवा: प्रत्येक ड्रॉचा कागद, प्रत्येक स्कोअर, तारखेसकट.

आता लेकीचा प्रश्न, आणि हे थेट तिलाच सांगते.

बाळा, तार तुटली की ती रॅकेट तशीच बॅगेत टाकायची नाही. पॉइंट संपला की दुसरी रॅकेट हातात घे आणि बाजू बदलायला बसशील तेव्हा तुटलेलीच्या सगळ्या तारा कात्रीने कापून टाक. मधल्यांपासून सुरुवात करायची आणि बाहेर जायचं, थोड्या उभ्या, थोड्या आडव्या. एका बाजूची ओढ गेली आणि दुसरीकडची राहिली की फ्रेम हळूहळू वाकते, आणि वाकलेली फ्रेम कुणालाच सरळ करता येत नाही. बॅगेत बोथट टोकाची छोटी कात्री ठेव.

दोन रॅकेटी आहेत तर दोन्हींना एकच तार आणि एकच टेन्शन, म्हणजे तारेची ओढ, ठेव. एक चोवीस किलो आणि एक सव्वीस असं केलंस तर दुसरी हातात घेतल्यावर पहिले चार चेंडू बाहेर जातील, आणि टायब्रेकमध्ये चार चेंडू म्हणजे सेट गेला. पॉली, म्हणजे पॉलिएस्टरची कडक तार, घातली असेल तर तुटेपर्यंत थांबू नकोस. ती तुटायच्या खूप आधी मरते आणि मग सगळा भार कोपरावर येतो. तुझ्या वयाला मी अख्खी पॉली देतच नाही. उभ्या पॉली, आडव्या मऊ, आणि तेवीसच्या वर नाही.

सोलापूरच्या आधी आठ दिवस दोन्ही रॅकेटी पुण्याला पाठवून दे, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबरही चालेल. पत्ता आईला निरोपातून कळवते. मजुरी घेणार नाही, तारेचे तेवढे पैसे द्या. सोबत एका चिठ्ठीवर लिहून दे: पकड कुठली, आठवड्यातून किती तास खेळतेस, आणि सगळ्यात जास्त तार कुठे तुटते, मध्यावर की वरच्या कडेला. वरच्या कडेला तुटत असेल तर मला तारेचं नाही, तुझ्या सर्व्हिसचं काहीतरी सांगायचंय.